हिशेब सगळा कळतो, तरी पैसा का साठत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिंचवडचं जोडपं, वय ३८ आणि ३५. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख २० हजार हातात येतात, २०२१ मध्ये ८२ हजार यायचे. घराचा हप्ता ३४ हजार. एप्रिल २०२१ पासून निफ्टी इंडेक्स फंडात (निफ्टी या शेअर निर्देशांकाच्या मागे जाणारा म्युच्युअल फंड) १० हजारांची एसआयपी, म्हणजे दरमहा आपोआप जाणारा हप्ता, होती, ती फेब्रुवारी २०२५ चा हप्ता गेल्यावर बंद केली. बचत खात्यात साडेतीन लाख पडून आहेत. दोन एन्डोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिसी आहेत, वर्षाला ६० हजारांचा प्रीमियम. ऑप्शन ट्रेडिंगमध्ये (शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरच्या मुदतीच्या सौद्यांत) १ लाख ४० हजार गेलेत, आणि ते बायकोला सांगितलेलं नाही. आता मेहुणा पतसंस्थेच्या ८ लाखांच्या कर्जाला जामीन राहा म्हणतोय. "सगळे सांगतात, आधी मानसिकता बदला. म्हणजे नेमकं काय करायचं?"

स्वभाव बदलायच्या मागे लागू नका. चाळिशीच्या उंबरठ्यावर तो फारसा बदलत नाही, आणि संपत्ती उभी करायला बदलावा लागतही नाही. भावना पैशाला रोज धक्का लावत नाहीत. पगारवाढ मिळते तो महिना, बाजार पडतो ते दोन-तीन महिने, तोटा भरून काढायची खुमखुमी येते ती संध्याकाळ, घरातलं माणूस काहीतरी मागतं तो क्षण, अशा मोजक्याच जागी त्या आडव्या येतात. तिथे निर्णय घ्यायची वेळच येणार नाही अशी व्यवस्था आधी करून ठेवायची. "मी श्रीमंत होणारच" असं रोज सकाळी आरशासमोर म्हटल्याने फंडाची एनएव्ही (एका युनिटचा, म्हणजे फंडातल्या एका वाट्याचा भाव) हलत नाही.

हे सगळं तुमच्यासाठी लिहितोय, कारण तुमच्याकडे शिल्लक राहण्याइतकी मिळकत आहे. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहून २५ हजारांत चौघांचं भागवणाऱ्याला कुणी मानसिकतेचे धडे देऊ नयेत. त्याची अडचण मिळकतीची असते.

आता एसआयपी. तुमच्या आकड्यांत सगळ्यात बोलका भाग हाच आहे. २७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टी २६,२७७ पर्यंत गेला होता. २८ फेब्रुवारी २०२५ ला तो २२,१२५ च्या आसपास बंद झाला, म्हणजे शिखरापासून जवळजवळ १६ टक्के खाली. तुमचा ढोबळ हिशेब मांडू. सप्टेंबर २०२४ पर्यंत तुमचे ४२ हप्ते गेले होते, ४ लाख २० हजार. शिखराच्या दिवशी ॲपमध्ये त्यांची किंमत सहा लाखांच्या जवळ दिसत असणार. पुढचे पाच हप्ते धरून फेब्रुवारीअखेर भरलेली रक्कम ४ लाख ७० हजार आणि किंमत साधारण साडेपाच लाख. म्हणजे एसआयपी बंद केली त्या दिवशी तुम्ही ८० हजारांच्या आसपास नफ्यात होता!

तरीही "बुडतोय" असं वाटलं, कारण मनाने हिशेब भरलेल्या रकमेपासून मांडलाच नाही. तो शिखरावरच्या आकड्यापासून मांडला. सहा लाख पाहिले, वर ५० हजार आणखी घातले, मग साडेसहा तरी हवे होते आणि दिसतायत साडेपाच, म्हणजे लाख रुपये गेले. हे लाख तुमच्या खिशातून कधी गेलेच नव्हते. पण दुखलं ते खरंच. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत हेच सांगतो की माणूस नफा-तोटा कुठल्या तरी खुणेपासून मोजतो आणि त्या खुणेखाली गेलेला रुपया वर गेलेल्या रुपयापेक्षा जास्त लागतो. किती जास्त? १९९२ च्या त्यांच्याच कामात हे प्रमाण सव्वादोन पटीच्या आसपास आलं.

पडझडीत एसआयपी थांबवली की हातून जातं ते युनिट. एनएव्ही १०० असताना १० हजारांत १०० युनिट मिळतात, ८४ असताना ११९. हे वरचे १९ युनिट मिळायची वेळ आली तेव्हाच तुम्ही खिडकी बंद केलीत. जून २०२५ अखेरीला निफ्टी पुन्हा साडेपंचवीस हजारांच्या घरात होता. तुम्ही एकटेच नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये देशभरात नव्याने सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद पडलेल्या किंवा मुदत संपलेल्या जास्त होत्या. आणि थांबवण्यापेक्षा महाग पडतं ते परत सुरू न करणं. "जरा स्थिर होऊ दे" म्हणत माणूस थांबतो, बाजार वर जातो, मग "आता महाग झालाय" म्हणून थांबतो.

यावर इलाज यंत्रणेतच करायचा. पगार १ तारखेला होत असेल तर एसआयपी ५ तारखेची ठेवा. २० तारखेची ठेवली तर ती उरलेल्या पैशांतून जाते, आणि महिन्याच्या मध्यानंतर उरलेलं काही नसतं. बँकेचा मँडेट (खात्यातून हप्ता कापायची परवानगी) १० हजारांचाच न करता २५ हजारांच्या मर्यादेचा करा, म्हणजे रक्कम वाढवताना नवा मँडेट लागत नाही. एसआयपी नोंदवतानाच टॉप-अपचा, म्हणजे हप्ता आपोआप वाढवायचा, पर्याय निवडा, दरवर्षी १० टक्के. पैशाची तात्पुरती ओढ असेल तर रद्द न करता 'पॉझ' वापरा, बहुतेक फंडांत एक ते तीन महिन्यांची सोय असते आणि मुदत संपली की हप्ता आपोआप सुरू होतो. खात्यात पैसे न ठेवता हप्ते नुसते चुकू देऊ नका: दर वेळी बँक दंड कापते आणि मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की ती बंद होते.

आणि ॲप रोज उघडणं सोडा. हा नुसता शिस्तीचा उपदेश नाही, साधं गणित आहे. बाजाराचे जवळपास निम्मे दिवस लाल असतात. तोटा दुप्पट लागत असेल, तर रोज बघणाऱ्याच्या पदरी वर्षाअखेर पोर्टफोलिओ वाढूनही मनस्तापच येतो, आणि मनस्ताप झालेला माणूस काहीतरी करतो. तिमाहीत एकदा बघा. नोटिफिकेशन बंद, ॲप फोनच्या पहिल्या पानावरून काढलेलं. सगळ्या फंडांचं एकत्रित स्टेटमेंट ईमेलवर येतंच, ते पुरेसं आहे. त्यातही आधी 'गुंतवलेली रक्कम' हा रकाना वाचायचा, मग 'आजची किंमत'. क्रम उलटा झाला की शिखर आठवतं.

पगारवाढीची गळती याहून शांत असते, म्हणून ती कुणाला दिसत नाही. २०२१ पासून तुमची मिळकत ३८ हजारांनी वाढली, एसआयपी १० हजारच राहिली. ३८ हजार कुठे गेले हे तुम्हालाही सांगता येणार नाही, कारण ते एकदम गेले नाहीत: थोडी मोठी गाडी, थोडी महाग शाळा, शनिवारची जेवणं. १० हजारांची एसआयपी २० वर्षं, १२ टक्के परतावा गृहीत धरून, साधारण १ कोटी होते. तीच दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवत नेली तर जवळपास १ कोटी ९९ लाख. १२ टक्के हे फक्त गृहीतक आहे, हमी नाही. पण परतावा काहीही आला तरी दोन्हींतला फरक मोठाच राहतो. थेलर आणि बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका कंपनीत नेमकं हेच करून पाहिलं. कामगारांकडून आज बचत वाढवायचं कबूल करून घेतलं नाही, पुढच्या प्रत्येक पगारवाढीतून वाढवायचं कबूल करून घेतलं. बचतीचं प्रमाण ४० महिन्यांत ३.५ वरून १३.६ टक्क्यांवर गेलं. हातात आलेला रुपया परत देताना दुखतं, न आलेल्या रुपयाचं काही वाटत नाही. तेव्हा वाढीचं पत्र आलं त्याच आठवड्यात, नवा पगार खात्यात पडायच्या आत, निम्मी वाढ एसआयपीला जोडा. उरलेली निम्मी मजेत खर्च करा. सगळी वाढ वाचवणारे सहसा वर्षभरात कंटाळतात.

बचत खात्यातल्या साडेतीन लाखांना मी हात लावू नका म्हणेन, फक्त जागा बदला. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तेच शेतकरी, पण उसाचे पैसे येण्याआधी तंगीच्या काळात बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडत होते आणि पैसे आल्यावर सुधारत होते. ओढाताण डोक्यातली जागा खाते. नड-अडचणीची रक्कम असेल तरच बाजार पडल्यावर शांत बसता येतं. ज्याच्याकडे ती नसते त्याला भाव पडलेला असतानाच युनिट विकावे लागतात, आणि मग दोष मात्र बाजाराला जातो. हप्ता धरून तुमचा खर्च महिना ८५ हजार धरला तर सहा महिन्यांचे ५ लाख १० हजार होतात. त्यातले एक लाख बचत खात्यात, बाकी ऑटो-स्वीप एफडी (बचत खात्याला जोडलेली, लागेल तशी मोडणारी ठेव) आणि लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांचा फंड). बऱ्याच लिक्विड फंडांतून ५० हजारांपर्यंत रक्कम लगेच मिळते, बाकीची साधारण पुढच्या कामकाजाच्या दिवशी. कमी पडणारे १ लाख ६० हजार बोनसमधून भरा. त्यापलीकडे सगळंच एफडीत ठेवणं हीही भीतीच. ७ टक्क्यांची एफडी धरा, ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर जाऊन हाती ४.९ टक्क्यांहून कमी. २० वर्षांनी लागणाऱ्या पैशाला ते पुरत नाही.

ऑप्शनबद्दल गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. शेअर बाजाराची नियामक सेबी हिने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब जाहीर केला: एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या सौद्यांत) उतरलेल्या १ कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी २ लाखांच्या घरात. तोटा होऊनही लोक सोडत का नाहीत, हे पाहण्यासारखं आहे. आठवड्यातून दोनदा थोडा नफा होतो, तो स्वतःच्या हुशारीच्या खाती जमा होतो. मग एका एक्स्पायरीला (सौद्याची मुदत संपते त्या दिवशी) महिन्याचा नफा जातो, तो नशिबाच्या खाती. आणि "गेलेले तेवढे काढतो, मग बंद" हे वाक्य सुरू होतं. १ लाख ४० हजार परत आणायचं ओझं डोक्यावर असलेला माणूस लॉट, म्हणजे सौद्याचा आकार, वाढवतो. तुम्ही सध्या याच पायरीवर आहात.

ब्रोकरच्या ॲपमध्ये एफ अँड ओ सेगमेंट निष्क्रिय करता येतो. आजच करा. परत सुरू करायला बहुधा मिळकतीचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो, आणि तेवढ्या खटपटीत डोकं थंड होतं. दुसरं, बायकोला या आठवड्यात सांगा. नैतिकतेचा भाग तुमचा तुम्ही बघा, मी पैशाचा सांगतो. एफ अँड ओचा तोटा हा धंद्याचा तोटा धरतात. विवरणपत्र आयटीआर-३ मध्ये आणि मुदतीत भरलं तरच तो पुढची आठ वर्षं ओढता येतो. लपवलेला तोटा विवरणातही लपतो आणि तो हक्क जातो. शिवाय लपवलेला तोटा गुपचूप भरून काढावा लागतो, म्हणजे लॉट आणखी वाढतो.

याच जातीचा दुसरा रोग म्हणजे तोट्यातला शेअर धरून बसणं. "विकलं नाही तोवर तोटा नाही" हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीत ऐकू येतं. येस बँक ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. उतरताना ३०० ला, २०० ला, १०० ला आणखी शेअर घेऊन लोकांनी 'अ‍ॅव्हरेज' केलं. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि जुलै २०२० मध्ये बँकेने १२ रुपयांनी शेअर विकून भांडवल उभारलं. मार्चमधल्या पुनर्रचना योजनेमुळे शंभर किंवा त्याहून जास्त शेअर असणाऱ्या जुन्या भागधारकांचे पाऊण हिस्सा शेअर तीन वर्षं विकायलाही बंदी होती. विचारायचा प्रश्न एवढाच: आज ही रक्कम रोख हातात असती, तर हाच शेअर याच भावाला घेतला असता का? नाही म्हणालात तर खरेदीचा भाव विसरा आणि विका. इंडेक्स फंड पडल्यावर हप्ते चालू ठेवणं आणि एकाच पडत्या शेअरवर पैसे ओतणं यांत मोठा फरक आहे. एकटी कंपनी संपू शकते, आणि संपायला आलेली कंपनी निर्देशांकातून बाहेर जाते.

एन्डोमेंट पॉलिसींचं मूळही हेच, "इतकी वर्षं भरले, आता कसं सोडू". भरलेले परत येणार नाहीत, निर्णय फक्त पुढच्या ६० हजारांचा आहे. आधी टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा) घ्या, पॉलिसी हातात येऊ द्या, मग जुन्या पॉलिसी 'पेड-अप' (पुढचे प्रीमियम न भरता कमी रकमेवर चालू) करता येतात का ते शाखेत लेखी विचारा. मुदत संपायला दोन-तीन वर्षंच उरली असतील तर बहुतेक वेळा पुरी केलेलीच बरी.

पाडव्याच्या दागिन्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी एक ओळ: लाखाच्या सोन्यावर १२ टक्के मजुरी आणि वर जीएसटी धरला की बिल १ लाख १५ हजारांच्या आसपास जातं, आणि विकायला गेलात तर मोजतात फक्त सोनं. हौस म्हणून जरूर घ्या, गुंतवणुकीच्या रकान्यात लिहू नका.

आता मेहुण्याचा जामीन. यात लोभ नाही, भीतीही नाही, आहे तो संकोच, आणि मराठी मध्यमवर्गीय घरांत संकोच लोभापेक्षा जास्त पैसा घालवतो असं माझं स्पष्ट मत आहे. जामीन म्हणजे ओळखीची सही नव्हे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्थेला आधी मेहुण्यामागे लागून दमायची गरज नाही, ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. महाराष्ट्रात सहकारी संस्था राज्याच्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवतात आणि त्यात जामीनदाराचंही नाव असतं. कर्ज देणारी संस्था क्रेडिट ब्युरोला (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला) माहिती कळवत असेल तर ते कर्ज तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्येही दिसतं आणि उद्या तुम्ही कर्ज मागाल तेव्हा आड येतं. मेहुणा प्रामाणिक असला तरी धंदा बुडू शकतो, हे लक्षात घ्या.

नाही म्हणता येत नाही, कारण नाही हे त्या माणसाला म्हटल्यासारखं वाटतं. म्हणून ते नियमाला म्हणायचं: "आमचं दोघांचं ठरलंय, जामीन कुणालाच राहत नाही. दुसऱ्या कुणालाही हेच सांगितलं असतं." एवढंच. कारणं द्यायला लागलात की प्रत्येक कारणाला उत्तर मिळतं. मदत करावीशी वाटत असेल तर परत आली नाही तरी घरात भांडण होणार नाही अशी रक्कम ठरवा, तुमच्या बाबतीत ३०-४० हजार, आणि ती दिली असं समजूनच द्या. आणि नकाराचं हे वाक्य तुमच्या बायकोने बोलायला हवं, भाऊ तिचा आहे. तुम्ही बोललात तर पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात तोच विषय निघेल. याच कारणाने ऑप्शनचं आधी सांगा. स्वतः १ लाख ४० हजार लपवलेले असताना तिला भावाला नाही म्हणायला सांगणं जमणार नाही.

दोघांचं पैशाचं जुळवायला सोपी सोय आहे. दोघांनाही महिना ५ हजार 'न विचारायचे' पैसे, त्यांचा हिशेब कुणी कुणाला द्यायचा नाही. त्याबाहेरची, आधी न ठरवलेली, २५ हजारांवरची कुठलीही गोष्ट सात दिवस थांबून आणि दोघांच्या होकारानेच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत्येक 'स्कीम' याच नियमात बसवा. दादरमध्ये जानेवारी २०२५ मध्ये उघडकीला आलेल्या टोरेस या गुंतवणूक घोटाळ्यात दर आठवड्याला पैसे मिळतील असं आमिष होतं, आणि सुरुवातीला काहींना ते मिळालेही. ओळखीच्या माणसाला मिळालेले पैसे पाहूनच पुढचे लोक येतात. 'आजच शेवटचा दिवस' म्हणणारी योजना सात दिवसांच्या नियमाला टिकत नाही.

शेवटी हे सगळं एका पानावर, हाताने, दोघांच्या सह्यांनी लिहा. तुमच्यासाठी मजकूर साधारण असा:

"एसआयपी १० हजार, ५ तारखेला, दर एप्रिलला १० टक्के वाढ. प्रत्येक पगारवाढीतला निम्मा वाटा पहिल्या महिन्यापासून, टॉप-अप त्यातच धरायचा. बोनसमधून आधी आणीबाणीचा निधी ५ लाख १० हजार होईपर्यंत. बाजार २० टक्के पडला तर काहीही विकायचं नाही, एसआयपी चालू. ३० टक्के पडला तर तेच, शिवाय त्या वर्षीचा निम्मा बोनस फंडात. दीर्घ मुदतीच्या पैशात शेअर फंड ६५ टक्के, पीपीएफ-ईपीएफ ३५ टक्के. वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, ५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तरच हे प्रमाण पुन्हा जुळवायचं. एफ अँड ओ नाही. जामीन नाही."

हे पान कपाटात, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. त्यात बदल करता येतो, पण एका अटीवर: बदल आज लिहायचा, कारणासकट, आणि लागू ३० दिवसांनी करायचा. नोकरी जाणं किंवा घरात मोठं आजारपण, एवढ्या दोनच गोष्टींना ही अट लागू नाही.